सिदाप्पा वस्तादांचा निकाल

आमच्या घरात दूध एकाच माणसाच्या पोटात जायचं. आबा कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायचे, आई तिथंच एका वखारीत शेंगा निवडायला बसायची, आणि दोघांच्या मजुरीतून जे काही सुटायचं ते माझ्या थोरल्या भावाच्या, विलासदादाच्या तांब्यात ओतलं जायचं. बाकीच्यांना कोरा चहा, त्यात आबांनी यार्डातून बांधून आणलेला गुळाचा चुरा. एकदा मला ताप आला आणि डॉक्टरांनी दूध द्या म्हणून सांगितलं. आईनं तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि भाताची पेज केली. तिच्यावर माझा राग नाही. घरात पैलवान तयार करायचा तर बाकीच्यांनी थोडं थोडं वाळायचं, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

हे ठरवून दिलं होतं सिदाप्पा वस्तादांनी.

आमच्या घराला लागूनच पेठेची तालीम. वस्ताद तिच्या माडीवर एकटे राहायचे. मूळचे कुरुंदवाडकडचे, घरची भाषा कन्नड. कोल्हापुरात उभा जन्म काढला तरी बैठका मोजताना त्यांच्या तोंडून कन्नडच यायचं. पहाटे भिंतीपलीकडून 'ओंदु, एरडु, मूरु' सुरू झालं की आमच्या घरात चूल पेटायची. पेठेतली सगळी पोरं कन्नडात झकास मोजायची आणि कन्नडात पाणी मागायची वेळ आली तर मराठीत मागायची. वस्तादांचे दोन्ही कान मोडून गोळा झालेले, मान खांद्यातच बसलेली, आणि आवाज असा की ते प्रेमानं बोलले तरी शेजारच्या गल्लीतलं कुत्रं उठावं.

दादा शाळेत असताना एक दिवस ते आमच्या उंबऱ्यावर येऊन बसले. दादाची पिंढरी हातानं दाबून बघितली, जशी बाजारात म्हैस बघतात तशी, आणि आबांना म्हणाले, "बाबू, ह्यो मला दे. दूध तू घाल, बाकीचं मी बघतो."

आई आतून म्हणाली, "आणि साळा?"

"साळंत ह्या पोरीला घाला की. एका घरात दोन पैलवान झेपायचं न्हाईत."

असं माझं शिक्षण ठरलं. मी आमच्या खानदानातली पहिली पदवीधर. हायस्कुलात इतिहास शिकवते. त्याचं श्रेय मी वस्तादांना देत नाही, पण वाक्य त्यांचंच होतं एवढं नोंदवून ठेवते. मला ते 'अक्कव्वा', म्हणजे ताई, म्हणायचे. मी परकर नेसत होते तेव्हाही आणि मास्तरीण झाले तेव्हाही.

गवळ्यावर त्यांचा डोळा असायचा. दुधाचा थेंब नखावर घ्यायचा, नख तिरकं करायचं आणि थेंब ओघळला की भर गल्लीत विचारायचं, "ह्यात पंचगंगा किती घातलीस रं?" गवळी म्हणायचा, "वस्ताद, म्हस पाणी पिती, मी काय करू?" आपलं सोडून दुसऱ्याच्या दुधासाठी इतकं भांडणारा माणूस मी नंतर बघितला नाही.

पण माणूस हट्टी. असा हट्टी की त्याच्यापायी आमच्या घरातली दहाएक वर्षं कुजली.

तालमीत आत मारुतीच्या शेजारी एक भिंत होती. मी ती तेव्हा बघितलेली नव्हती. तालमीत बायकांनी पाऊल ठेवायचं नाही, मग ती शेजारची असो की कलेक्टरीण. पण ऐकून ऐकून मला ती भिंत पाठ होती. मधोमध मलगोंडा पैलवानाचा फोटो. मलगोंडा हा वस्तादांचा गुरुबंधू. त्यानं आमच्या जन्माआधी खासबागेच्या मैदानात एका पंजाबी पैलवानाला घिस्सा मारून चीत केलं होतं. ती कुस्ती म्हणजे वस्तादांचं माप. त्या मापाच्या जवळपास बसणारी कुस्ती जो करील त्याचाच फोटो भिंतीवर लागायचा. आणि मलगोंडानंतर एकाचाही लागलेला नव्हता.

"जिंकला म्हंजे काय झालं?" वस्ताद म्हणायचे. "कुस्ती टिकाय पायजे. म्हातारपणी आठवली तरी पोटात गोळा आला पायजे."

दादानं अशी एक कुस्ती केली. नव्वदीतली गोष्ट. शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेत सोलापूरकडच्या नावाजलेल्या पैलवानाशी जोड लागली. त्या पैलवानानं दादाला खाली घेतलं आणि रगडत ठेवलं. लोक उठून एसटी गाठायला निघाले होते. आणि मग दादानं खालूनच त्याचा हात काखेत धरला, अंग फिरवलं, उभा राहिला आणि ढाक मारून त्याला आसमान दाखवलं. आबा त्या दिवशी यार्डात खाडा करून गेले होते. फेटा उडवला तो परत सापडला नाही.

दुसऱ्याच दिवशी आईनं दादाला स्टुडिओत नेऊन गदा खांद्यावर घेतलेला फोटो काढून घेतला, काच-फ्रेम केली आणि तालमीत लागेपर्यंत धूळ बसायला नको म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेवर ठेवला.

तो तिथंच राहिला. पुढच्या हंगामात दादाचा खांदा निखळला, बसवला, परत निखळला. कुस्ती सुटली. दादा कागलच्या एमआयडीसीत मशीनवर लागला. म्हणजे आमच्या सगळ्या दुधाचं मिळून जे झालं ते ती एक कुस्ती. दुसरी होणार नव्हती. आबांना फक्त तो फोटो भिंतीवर लागलेला बघायचा होता. आणि वस्ताद म्हणायचे, "बघू. कुस्ती चांगली हाय. पण टिकती का बघू."

बघायची सोय मीच करून दिली, हे माझं दुर्दैव. नोकरी लागल्यावर मी टीव्ही घेतला आणि जुना व्हिडिओ प्लेअर घेतला. तालमीत टीव्ही नव्हता. रविवारी दुपारी वस्ताद आमच्याकडं यायला लागले. आधी उंबऱ्यावर, मग भिंतीला टेकून, मग थेट आबांच्या खाटेवर. बरोबर मुसाभाई. मुसाभाई हे पेठेतले शिंपी. पैलवानांचे लंगोट आणि जांगे शिवायचे. त्यांनी प्रत्येक मैदान बघितलेलं होतं आणि प्रत्येक मैदानाबद्दल त्यांचं वस्तादांशी भांडण होतं.

पहिल्याच दिवशी वस्तादांनी मला सांगितलं, "अक्कव्वा, आवाज बंद कर."

"का?"

"हलगी वाजली की गाढवाची कुस्तीबी भारी वाटती. आणि त्यो माईकवाला तर काय, हात धरला तरी वाघ-सिंव्ह म्हणून वरडतोय. आवाज बंद केला की कुस्ती उघडी पडती."

मग ते बिनआवाजाचं चित्र न्यायाधीशासारखं बघायचे. केबलवर अमेरिकेतली कुस्ती लागायची. तालमीतली पोरं त्यापायी वेडी झाली होती. वस्तादांनी तीही बघितली, आवाज बंद करून, खुर्ची डोक्यात घालून होईपर्यंत. मला वाटलं आता टीव्ही फुटतो. ते म्हणाले, "सगळं खोटं हाय. पण पडणारा कसला पडतोय बघ. पाडणाऱ्याला काय येत न्हाय. पडणाऱ्याला शिकवलंय कुणीतरी." दुसऱ्या दिवशी पोरांना दिवसभर नुसतं पडायला लावलं.

दादाच्या कुस्तीची कॅसेट होती. यात्रा कमिटीनं लग्नाचं शूटिंग करणारा एक व्हिडिओवाला आणला होता. कॅसेट वस्तादांच्या ताब्यात असायची. पंच्यात गुंडाळून आणायचे, बघायची, परत न्यायची. आम्हाला ती एकट्यानं बघायलाही मिळाली नाही. आणि ती बघून झाली की दर वेळी नवीन खोट. एकदा म्हणाले, माती ओली होती, त्याचा पाय घसरला. एकदा म्हणाले, तो दमलेला होता. मुसाभाई चवताळून उठायचे.

"दमवला कुणी? इलासनंच न्हवं?"

"खाली पडून दमवतोय व्हय कोण?"

"तुमचा मलगोंडा काय हुता मग? त्यो पंजाबी उतरला तवाच अर्धा झोपंत हुता. इलासची कुस्ती मोठी, वस्ताद. शंभर वेळा सांगतो."

"तू लंगोट शीव."

पण सगळ्यात मोठी खोट वेगळीच होती. तो व्हिडिओवाला लग्नंच करणारा. त्याला लग्नातल्यासारखी कलाकुसर केल्याशिवाय राहवलं नाही. दादानं ढाक मारली, सोलापूरवाला हवेत गेला, खाली आला, आणि तेवढ्यात पडद्यावर लाल बदाम आला. पत्त्यातला असतो तसा. चित्र त्या बदामात लहान होत होत गेलं आणि दुसऱ्या बदामातून सरपंच बक्षीस देताना बाहेर आले. नेमकी पाठ मातीला लागली ते दिसलंच नाही. मूळ शूटिंग मागायला दादा स्वतः गेला, तर त्या कॅसेटवर जयसिंगपूरचं एक लग्न घेऊन झालेलं होतं.

"पाठ लागली का न्हाय, कसं कळायचं?" वस्ताद म्हणायचे. "बदाम आडवा येतोय."

"पंचांनी निकाल दिला की," मी म्हणायची. "हजारो लोकांनी बघितलं. आबांनी बघितलं. तुम्ही तिथं नव्हतासा काय?"

"हुतो की."

"मग?"

"मग काय. चा कर."

वर्षं अशी गेली. आबांची पाठ वाकली, यार्ड सुटलं. दादाचं लग्न झालं, पोरं झाली. तो रविवारी पाळी बदलून घ्यायचा, कॅसेट लागायच्या वेळी घरी नको म्हणून. ट्रंकेवरच्या फोटोचं वर्तमानपत्र पिवळं पडलं की आई नवीन गुंडाळायची. मी वर्गात पुरावा म्हणजे काय ते शिकवायची आणि घरी येऊन एका लाल बदामापुढं हरायची. राग यायचा. वस्तादांना घरात घेऊ नये असं वाटायचं. पण ते आले की आईच पाट सरकवायची.

दोन हजार सालानंतरचा असाच एक रविवार. मुसाभाईंचा तोल गेला. वस्ताद नेहमीप्रमाणं मलगोंडाचा घिस्सा हातवारे करून दाखवत होते. मुसाभाई म्हणाले, "मी वर पायरीवर बसलतो. म्या डोळ्यानं बघितलं. घिस्सा उजवीकडनं मारला. तुमी गेली इतकी वर्सं डावीकडनं दावतायसा. तुमी कुठं हुतासा तवा?"

वस्तादांचा हात तसाच राहिला. आबा खाटेवर उठून बसले.

"खाली हुतो," वस्ताद म्हणाले. "पैलवान आत येत्यात त्या बोगद्यात. त्याची कापडं घिऊन."

"तिथनं दिसतंय?"

"तोंड भिंतीकडं हुतं."

 मग त्यांनीच सांगितलं. आपल्या माणसाची कुस्ती त्यांच्यानं बघवायची नाही. कधीच. पोरगं मातीत उतरलं की वस्ताद नाहीसे व्हायचे. आम्हाला वाटायचं मारुतीला गेले. ते हलगीवाल्यांच्या मागं पाठ करून उभे राहायचे आणि लोकांच्या ओरडण्यावरून काय चाललंय ते ओळखायचे. दादाच्या कुस्तीलाही तसंच. मलगोंडाची ती थोर कुस्ती त्यांनी नुसती ऐकली होती.

"म्हणून आवाज बंद करतो," ते म्हणाले. "कानाला सगळीच मोठी वाटती."

मला संताप आवरेना. एवढी वर्षं हा माणूस न बघितलेल्या कुस्तीचं माप घेऊन माझ्या भावाची कुस्ती मोजत होता. मी म्हणाले, "वस्ताद, एक ऐकलेली आणि एक बघितलेली, ह्यांची बरोबरी होत नाही. दोन्हीला माप सारखं लावा. तुम्ही पाठ करून बसा. मी आवाज लावते. दादाची पण ऐका."

त्यांना ते पटलं, हे मला अजून खरं वाटत नाही. ते उठले, भिंतीकडं तोंड करून जमिनीवर बसले, मांडी घातली. मी कॅसेट सुरुवातीला नेली आणि आवाज मोठा केला.

सनई लागली.

लग्नातली सनई. पुढं बासरी, मग बँडवर सिनेमातल्या गाण्याची चाल. व्हिडिओवाल्यानं मैदानाचा सगळा आवाज काढून टाकून वर मंगल संगीत भरलं होतं. ती कॅसेट इतक्या वेळा लागली आणि आवाज एकदाही लागला नव्हता, त्यामुळं कुणालाच माहीत नव्हतं. पडद्यावर दादा मातीत रगडला जात होता आणि घरात वरमाला पडत होत्या. मुसाभाई हसून हसून आडवे झाले. आईनं तोंडाला पदर लावला. वस्ताद भिंतीकडं तोंड करून शेवटपर्यंत बसले. संपल्यावर विचारलं, "लागली का पाठ?"

"सनईत कळत नाही," मी म्हणाले.

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मलगोंडाचा फोटो भिंतीवरून काढला.

गल्लीत बोंब झाली. पोरं घाबरली, जुने पैलवान भांडायला आले. वस्तादांचं एकच, "जी म्या बघितली न्हाय, ती म्या कशी लावली?" आबा तर रडकुंडीला आले. मला म्हणाले, "माझ्या पोराचा लावा म्हणलं, तर ह्यो दुसऱ्याचा काढून बसला. ह्याला काय म्हणायचं गं?" भिंत मोकळी. मोजमापच गेलं. मला वाटलं, संपलं आता. माझीच अक्कल नडली.

तो सगळा पावसाळा वस्ताद आमच्याकडं आले नाहीत. तालमीत बैठका मोजल्या जायच्या, पण आवाज बसलेला. दसरा झाल्यावर एका दुपारी आले ते मुसाभाईंना दंडाला धरून. मुसाभाईंच्या गळ्यात टेप तशीच, म्हणजे मशीनवरून उठवून आणलेलं. त्यांना पाटावर बसवलं, आबांना समोर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"मुसा, दोन्ही कुस्त्या डोळ्यानं बघितलेला तू एकटा राहिलाईस. बाकी सगळी गेली. भांडाय आणलेला न्हाय तुला. पंच म्हणून आणलाय. मोठी कुणाची?"

मी मनात म्हणाले, सुटलो. इतकी वर्षं मुसाभाई आमच्याच बाजूनं भांडत होते.

मुसाभाई टेप बोटाला गुंडाळत राहिले. सोडली, परत गुंडाळली. आबांकडं बघायचं टाळत म्हणाले, "मलगोंडाची."

मी चहाचा कप खाली ठेवला. "मुसाभाई, मग इतकी वर्षं आमच्या घरात बसून काय म्हणत होतासा?"

"तवा भांडत हुतो, अक्का. भांडताना मानूस काय बी बोलतोय." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आत्ता इचारलंय."

आबा जमिनीकडं बघत होते. वस्तादांनी पुढचं विचारलं, "इलासची?"

"तिच्या मागची. लई मागं न्हवं. हाताच्या अंतरावर."

"पाठ?"

"दोन्ही खांदं लागलं. त्यो सोलापूरवाला उठून माझ्या म्होरनंच गेला की. दोन्ही खांद्यावर माती चिकटलेली. मधी कोरडं हुतं, खांद्यावर माती हुती."

वस्तादांनी मान डोलावली. "मग झालं. पयली मलगोंडाची. दुसरी इलासची."

आबांनी चाचरत विचारलं, "दुसरीचा फोटो लागतोय का, वस्ताद?"

"दुसरी म्हंजे दुसरी, बाबू. टिकली म्हणून तर दुसरी. लागतोय."

दादा संध्याकाळी पाळीवरून आला तेव्हा आईनं त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडेल. मीच चिडलेली होते. एवढ्या दुधाला, एवढ्या कोऱ्या चहाला दुसरा नंबर? दादानं तोंड धुतलं, भाकरी मोडली आणि म्हणाला, "बरोबरीत सोडवली तर न्हाय न्हवं? निकाल लागला. बास झालं." आणि जेवला.

शनिवारी फोटो लावायचा ठरला. आईनं ट्रंकेवरून काढून पुसला. मी तालमीच्या दारापर्यंत गेले, उंबऱ्याच्या अलीकडं थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ती भिंत बघितली. वाटली होती त्यापेक्षा लहान होती आणि एका कोपऱ्यात ओल आलेली होती. मलगोंडाचा फोटो परत वर चढला होता. त्याच्या खाली वस्ताद स्टुलावर उभे राहून खिळा ठोकत होते. पोरांना हात लावू देत नव्हते. आबांनी स्टूल धरलं होतं. दादा मारुतीपाशी उभा होता, खांद्यावर टॉवेल टाकून, लग्नातल्या नवऱ्यासारखा अवघडून.

फोटो अडकवून वस्तादांनी मागं न वळता विचारलं, "अक्कव्वा, सरळ हाय का?"

"डावी बाजू जरा वर घ्या."

त्यांनी वर घेतली.

"आता?"

"आता सरळ आहे."

वस्ताद उतरले, हात झटकले आणि पोरांवर ओरडले, "काय बघतायसा? ओंदु म्हणा." पोरांनी बैठका सुरू केल्या. वस्तादांना तालमीत शिकवताना मी बघितलं ते तेवढंच, उघड्या अंगानं, पोरांच्या ओळीत फिरताना, एकेकाची मान दाबून खाली बसवताना. पुढच्या उन्हाळ्यात ते कुरुंदवाडला पुतण्याकडं गेले आणि तिकडंच वारले.

विलासदादाचा फोटो तालमीच्या भिंतीवर आहे. मलगोंडाच्या खाली, दुसऱ्या नंबरवर. आबांनी तो आपल्या डोळ्यांनी बघितला.